प्रतिध्वनी गिळणारी भुकटी

अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगच्या रानावर ढग गळायला लागला की तीसेक किलोमीटर लांब, सोलापूरच्या पुण्याकडच्या टोकाला असलेल्या केगावातून तो मोजता येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं तिथल्या सिंहगड अभियांत्रिकी महाविद्यालयात सी-बँडचं डॉप्लर रडार बसवलं, ते कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी. ‘कायपीक्स’ नावाच्या या प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यात, २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यांत, सोलापूरच्या पर्जन्यछायेतल्या ढगांवर विमानातून बीजारोपण झालं. योग्य ढग निवडले तर पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढू शकतो, असा निष्कर्ष संस्थेनं पुढे प्रसिद्ध केला. त्यावर वाद घालायला जागा आहे, पण इथे विषय त्या रडारचा आहे. रडार पाच-साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या सूक्ष्मलहरींचा एक झटका सोडतं, वळसंगवरच्या थेंबांना आपटून त्याचा क्षीण प्रतिध्वनी परत येतो, आणि या जाण्यायेण्याला सेकंदाचा पाच हजारावा भाग लागतो. लहर परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, किती जोरात आली त्यावरून पाऊस, आणि तिची वारंवारता किती सरकली त्यावरून वारा.

अडचण अशी की रडारला प्रतिध्वनी थेंबाचा आला की आणखी कशाचा, हे मुळात कळत नाही. डोंगर, इमारती, मनोरे एका जागी उभे असतात म्हणून संगणक त्यांना ओळखून वगळतो. पवनचक्कीचं पातं मात्र फिरतं. पन्नास-साठ मीटर लांबीचं, टोकाला ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे पळणारं पातं रडारच्या पडद्यावर वादळासारखं दिसू शकतं. धाराशिव जिल्ह्यात आणि जतच्या माळावर पवनचक्क्या वाढताना पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटेल. फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी, २०१६ साली एक मोठा पवनऊर्जा प्रकल्प उभा राहिला तो केवळ यामुळे, की वेस्टास कंपनीनं त्यासाठी रडारला जवळजवळ न दिसणारी पाती बनवून दिली. हवामान खात्याचं रडार शेजारीच होतं, आणि साध्या पात्यांना परवानगी मिळाली नसती.

वस्तू तीच, आकार तोच, फक्त प्रतिध्वनी द्यायचा नाही. हे कसं साधायचं?

धातूचा पत्रा हे काम करू शकत नाही, तो जवळजवळ सगळी लहर परत फेकतो. काचतंतू किंवा कोरडं प्लास्टिक तिला आरपार जाऊ देतं, मग मागे जे काही असेल तेच दिसतं. राहता राहिलं पाणी. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये अन्न तापतं ते मुख्यतः त्यातल्या पाण्यामुळे, तेव्हा पाण्याचा थर उत्तम शोषक असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण सपाट पाण्यावर सूक्ष्मलहर सरळ येऊन पडली तर तिची ६० टक्क्यांहून जास्त ऊर्जा पृष्ठभागावरूनच परत जाते. आत शिरलेली लहर पाणी नक्की पचवतं, पण बहुतेक लहर आत शिरतच नाही.

म्हणजे अटी दोन आहेत. लहरीनं न अडखळता आत आलं पाहिजे, आणि आल्यावर बाहेर जाता कामा नये. दुसरी अट सोपी आहे, पहिलीनं माणसांना ऐंशी वर्षं कामाला लावलंय.

पहिली अट कुठे अडते ते समजायला एक आकडा लागतो. विद्युतचुंबकीय लहरीत विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र जोडीनं चालतात, आणि मोकळ्या हवेत त्या दोघांचं प्रमाण ठरलेलं असतं. त्याला संरोध म्हणतात, आणि त्याची किंमत ३७७ ओहम आहे. प्रत्येक पदार्थाचा संरोध वेगळा असतो, तो दोन गुणांवर ठरतो. पदार्थ विद्युत क्षेत्राला किती प्रतिसाद देतो हे परावैद्युतांक सांगतो. चुंबकीय क्षेत्राला किती, हे पार्यता सांगते. पार्यतेला परावैद्युतांकानं भागायचं, वर्गमूळ काढायचं, ३७७नं गुणायचं. पाण्याचा परावैद्युतांक ८०च्या जवळ आणि पार्यता १, म्हणून त्याचा संरोध चाळीस-बेचाळीस ओहमवर येतो. ३७७वरून एकदम चाळीसवर. लहर परत फिरते ती या पायरीवरून.

याच गणितात उत्तरही आहे. परावैद्युतांक वाढला तर वाढू दे, त्याच्याबरोबर पार्यताही वाढवा, म्हणजे भागाकार एकच्या आसपास राहील आणि लहरीला सीमा ओलांडल्याचं कळणारही नाही. मात्र निसर्गातल्या बहुतेक पदार्थांची पार्यता एक आहे. लाकूड, दगड, काच, प्लास्टिक, पाणी, तांबं, सगळ्यांची. ती एकच्या वर न्यायची तर लोखंड, कोबाल्ट, निकेल किंवा त्यांची संयुगं यांच्याकडेच जावं लागतं.

मला स्वतःला चुंबकीय पदार्थांच्या बाजूचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते लोकप्रिय लेखनात सहसा येत नाही. जहाज, विमान, यंत्राची पेटी, ज्यावर शोषक थर चढवायचा ती वस्तू बहुधा धातूची असते. धातूच्या पृष्ठभागावर लहर आपटते तेव्हा येणारी आणि परतणारी लहर एकमेकींवर पडतात. त्यांची विद्युत क्षेत्रं तिथे एकमेकांना नेमकी खोडतात, चुंबकीय क्षेत्रं मात्र मिळून दुप्पट होतात. धातूच्या अगदी अंगाला चिकटून विद्युत क्षेत्र शून्य असतं. तिथे विद्युत क्षेत्रावर जगणारा शोषक, समजा कोळशाची भुकटी घातलेलं रबर, लावलं तर त्याला खायला काही उरलेलंच नसतं. चुंबकीय शोषकाला तिथेच सगळ्यात जास्त मिळतं.

विद्युत शोषक वापरायचाच असेल तर त्याला धातूपासून पाव तरंगलांबी दूर उभं करावं लागतं, कारण विद्युत क्षेत्र तिथे पूर्ण जोरात असतं. अमेरिकेत विनफिल्ड सॅलिसबरी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेमकं हेच केलं. ग्रॅफाइट लावलेला पातळ पडदा धातूपासून पाव तरंगलांबीवर ताणला, आणि ठरलेल्या वारंवारतेची लहर नाहीशी झाली. युक्ती सुंदर आहे. पण केगावच्या रडारसाठी ते अंतर तेरा-चौदा मिलिमीटर होतं, आणि कमी वारंवारतेच्या, म्हणजे लांब लहरींच्या रडारसाठी कित्येक सेंटिमीटर. जहाजाच्या किंवा विमानाच्या अंगावर एवढी पोकळी कोण ठेवणार?

पवनचक्कीच्या पात्याचं गणित इथे उलटं पडतं. पातं मुळात काचतंतूचं, आतून पोकळ आणि जाड. त्याच्या थरांत अंतर राखून शोषक थर बसवायला जागा मिळते, म्हणून त्याला चुंबकीय भुकटीची गरज लागत नाही. जिथे जागा नाही तिथेच लोखंड लागतं.

मग लोखंडाचा पत्राच का नको? तो तर पहिल्यापासून चुंबकीय आहे. पत्रा नको याचं कारण, उच्च वारंवारतेची लहर धातूत फार खोल जात नाही. ती पृष्ठभागावर भोवरी प्रवाह उभे करते आणि तेच प्रवाह तिला मागे ढकलतात. १० गिगाहर्ट्झला लोखंडात ती जेमतेम एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, शिरते. पत्रा कितीही जाड घ्या, काम करणारं लोखंड एवढंच, आणि तेही लहर परत फेकण्याचं काम करणारं. त्याच लोखंडाचे एक-दोन मायक्रॉनचे कण केले, प्रत्येक कण न वाहणाऱ्या पॉलिमरमध्ये वेगळा बसवला, की लहर प्रत्येक कणाच्या पोटात पोचते आणि मोठे भोवरी प्रवाह उभेच राहत नाहीत. लहर परत फेकणारा धातू अशा रीतीनं ती गिळायला लागतो. त्यासाठी त्याच्या रसायनात काहीही बदल करावा लागत नाही.

असे कण दळून मिळत नाहीत. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला लुडविग माँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लोखंड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यापासून आयर्न पेंटाकार्बोनिल नावाचा पिवळसर, अतिशय विषारी द्रव मिळाला. हा द्रव १०३ अंश सेल्सिअसला उकळतो. लोखंडाला उकळवून शुद्ध करता येतं ही गोष्ट तेव्हा अद्भुतच होती. त्याची वाफ तापवली की कार्बन मोनॉक्साइड सुटून जातो आणि लोखंडाचे जवळजवळ गोल कण खाली पडतात, साधारण एक ते दहा मायक्रॉनचे. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीनं १९२५च्या सुमाराला हे कारखान्यात सुरू केलं. ही भुकटी तेव्हा टेलिफोन आणि रेडिओच्या गुंडाळ्यांच्या गाभ्यासाठी हवी होती. सूक्ष्मलहरी शोषणाऱ्यांनी ती नंतर उचलली. रक्तवाढीसाठी दुकानात मिळणाऱ्या काही गोळ्यांच्या वेष्टनावर ‘कार्बोनिल आयर्न’ लिहिलेलं असतं, ती याच पद्धतीनं बनलेली.

लोखंडाच्या कणात लहरीची ऊर्जा जाते कुठे, हे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. प्रत्येक अणूचं चुंबकत्व त्याच्या इलेक्ट्रॉनच्या फिरकीतून येतं. जमिनीवरचा भोवरा कलला की लगेच पडत नाही, अक्षाभोवती डुलत राहतो. ही फिरकीही चुंबकीय क्षेत्रात तशीच डुलते. डुलण्याचा वेग ठरलेला आहे, दर टेस्ला क्षेत्राला २८ गिगाहर्ट्झ. कणाच्या आत स्फटिकाच्या रचनेमुळे एक अंगचं क्षेत्र असतंच, त्यामुळे बाहेरून चुंबक न लावताही फिरकीचा डुलण्याचा स्वतःचा ठेका असतो. येणाऱ्या लहरीची वारंवारता त्या ठेक्याशी जुळली की फिरकी लहरीतून ऊर्जा भराभर घेते आणि घेतलेली ऊर्जा स्फटिकाला देऊन टाकते. ती उष्णता होते. रडारची लहर इतकी क्षीण असते की थर किती तापला ते हाताला कळणारही नाही.

डुलण्याच्या या ठेक्यातच या धंद्याची सगळ्यात मोठी कुचंबणा आहे. अंगचं क्षेत्र लहान असलं तर फिरकी सहज वळते, पार्यता मोठी मिळते, पण ठेका मंद राहतो. वारंवारता त्याच्या वर गेली की पार्यता कोसळते. क्षेत्र मोठं असलं तर ठेका जलद होतो, पण फिरकी ताठर होते आणि पार्यता आधीच कमी. हॉलंडमधल्या फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत फेराइटवर काम करणाऱ्या जे. एल. स्नूक यांनी १९४८मध्ये ही देवाणघेवाण नियमात बसवली. पार्यतेची एकच्या वरची रक्कम आणि अनुस्पंदनाची वारंवारता, म्हणजे हा ठेका, यांचा गुणाकार पदार्थाच्या संपृक्त चुंबकत्वानं ठरणाऱ्या मर्यादेपुढे जाऊ शकत नाही. आकडे टाकून पाहा. लोखंडासाठी हा गुणाकार सुमारे ४० गिगाहर्ट्झ येतो, म्हणजे १० गिगाहर्ट्झला जास्तीत जास्त पाचची पार्यता. निकेल-झिंक फेराइटसाठी तो सहा-सात गिगाहर्ट्झच आहे. तिथे दहा गिगाहर्ट्झला दीडच्या थोडं वर, एवढंच.

फेराइट म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये निकेल, झिंक, मँगनीज, बेरियम असे धातू बसवून भाजलेली मातीकामासारखी काळी चीज. योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी १९३०मध्ये टोकियोत त्यावर मूळ काम केलं, आणि त्यातूनच १९३५मध्ये टीडीके कंपनी उभी राहिली. फेराइट वीज वाहत नाही, गंजत नाही, स्वस्त आहे. शंभर-दोनशे मेगाहर्ट्झला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. इलेक्ट्रॉनिक उपकरणं तपासायच्या बंदिस्त खोल्यांच्या भिंतींना त्याच्या पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या फरशा लावतात. पण रडारच्या वारंवारतांना साधं फेराइट लोखंडापुढे लंगडं पडतं. अपवाद षटकोनी स्फटिकाच्या बेरियम फेराइटचा, जे स्वस्त चुंबकांत असतं. त्याचं अंगचं क्षेत्र १.७ टेस्लाच्या आसपास, म्हणून ठेका थेट ४७-४८ गिगाहर्ट्झवर. त्यात कोबाल्ट आणि टायटॅनियम घालून तो ठेका खाली, आठ-दहा गिगाहर्ट्झपर्यंत आणता येतो. आणखी वरच्या टोकाला टोकियो विद्यापीठाच्या शिन-इची ओकोशी यांच्या गटानं एप्सिलॉन नावाच्या दुर्मीळ प्रकारच्या लोह-ऑक्साइडचा ठेका १८० गिगाहर्ट्झच्या पुढे नेऊन दाखवला आहे. मोटारींवर हल्ली ७७ गिगाहर्ट्झची रडारं येतात, त्यामुळे या कामाकडे वाहन उद्योगाचंही लक्ष आहे.

स्नूकचा नियम मोडता येत नाही, पण त्याला वळसा घालता येतो. गोल कणाऐवजी चपटा पापुद्रा घेतला तर फिरकी पापुद्र्याच्या पातळीतच राहायला बघते, आणि आकारामुळे गुणाकाराची मर्यादा वर सरकते. म्हणून कार्बोनिल लोखंड बॉल मिलमध्ये तासन्‌तास कुटून चपटं करतात. मोबाइल आणि लॅपटॉपच्या आत गोंगाट दाबायला चिकटवलेले करडे, कागदासारखे तुकडे असतात, त्यांतले बरेचसे असेच लोखंड-सिलिकॉन-ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांनी भरलेलं पॉलिमर असतं.

आता रबराच्या कारखान्यात जाऊ. सिलिकॉन, नायट्रिल किंवा निओप्रीन रबर दोन रोलरांच्या मिलवर घेतात आणि त्यात भुकटी थोडीथोडी मुरवत जातात. कारखान्यात तिला फिलर म्हणतात. आकारमानानं ४० टक्के लोखंड घातलं तर वजनानं ते ८० टक्क्यांच्या वर जातं. एवढं भरूनही रबर लवचीक राहिलं पाहिजे, तुटता कामा नये, आणि प्रत्येक कणाभोवती रबराचा पातळ का होईना थर राहिला पाहिजे. कण एकमेकांना चिकटून त्यांची साखळी झाली, की त्या साखळीतून वीज वाहते, परावैद्युतांक एकदम वर उसळतो आणि इतक्या खटपटीनं हटवलेला पत्रा पुन्हा अवतरतो. म्हणून कणांवर आधीच सिलिकाचा किंवा सिलेनचा थर देतात. त्यानं कण वेगळे राहतात आणि गंजही रोखला जातो. गंजलेलं कार्बोनिल लोखंड रबरात फुगतं आणि थराला भेगा पाडतं. कोकणच्या खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या जहाजासाठी ही बारीकसारीक बाब राहत नाही.

भार किती, तेही बघा. ४० टक्के लोखंडाच्या रबराची घनता पाण्याच्या पावणेचार पट. दोन मिलिमीटरचा थर दर चौरस मीटरला साडेसात किलो. पन्नास मीटरच्या पात्याच्या दोन्ही बाजू मिळून दोनशे चौरस मीटर धरले तर दीड टन वजन वाढलं. दहा-बारा टनांचं पातं हे सोसणार नाही. युद्धनौकेला ते फारसं जाणवत नाही, विमानाला प्रत्येक किलो जाणवतो.

दोन मिलिमीटर का, हेही इथेच सांगितलं पाहिजे. थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परतलेली थोडीशी लहर आणि धातूवरून परतून आलेली उरलीसुरली लहर यांनी एकमेकींना खोडावं, यासाठी थराची जाडी त्या पदार्थातल्या पाव तरंगलांबीएवढी ठेवतात. १० गिगाहर्ट्झची हवेतली पाव तरंगलांबी साडेसात मिलिमीटर. पार्यता दीड आणि परावैद्युतांक दहा असेल तर पदार्थात ती जवळजवळ चौपट आखडते, म्हणून दोन मिलिमीटर. त्याहून पातळ करायचं तर दोन्ही आकडे आणखी वाढवायचे. परावैद्युतांक वाढवणं सोपं आहे, पण त्यानं फक्त जाडी घटते आणि शोषणाचा पट्टाही तेवढाच अरुंद होतो. पट्टा रुंद ठेवून जाडी घटवायची तर पार्यताच लागते. २००० साली रशियाच्या कॉन्स्टन्टिन रोझानोव यांनी यावर गणिती शिक्कामोर्तब केलं. धातूवर बसवलेला कोणताही थर, मग तो कितीही चतुराईनं बनवलेला असो, जेवढा पट्टा गिळतो त्याला त्याची जाडी आणि त्याची स्थिर पार्यता मिळून एक कमाल मर्यादा घालतात. ८ ते १२ गिगाहर्ट्झचा सगळा पट्टा ९० टक्के शोषायला अचुंबकीय थर किमान पाऊण मिलिमीटर हवाच. ही झाली सैद्धांतिक सीमा. प्रत्यक्षात थर तिच्या कितीतरी पट जाड निघतो. पार्यता तिप्पट केली तर ही सीमा एक तृतीयांशावर येते. परावैद्युतांकाला या सूत्रात जागाच नाही.

इतिहासात याची पहिली मोठी मागणी समुद्रावरून आली. १९४०मध्ये बर्मिंगहॅममध्ये रँडल आणि बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन बनवला, आणि दहा सेंटिमीटरची रडारं विमानांत बसू लागली. जर्मन पाणबुड्या हवा घ्यायला पाण्याबाहेर काढायच्या त्या नळीचं टोकही आता सापडायला लागलं. जर्मनांनी जी उत्तरं शोधली त्यांत ‘वेश मॅट’ नावाचं कार्बोनिल लोखंड भरलेलं रबर होतं, ३ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करणारं. पलीकडे अमेरिकेत एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत ऑटो हाल्पर्न यांनी याच सुमारास रडारविरोधी रंग तयार केला. दोघे शत्रू एकाच प्रश्नाकडे एकाच वेळी पोचले होते.

महाराष्ट्रात या विषयाला बरीच घरं आहेत. अंबरनाथची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा युद्धनौकांसाठी रबर, रंग आणि लपवणुकीचे पदार्थ बनवते. ‘समीर’ या नावानं ओळखली जाणारी सूक्ष्मलहरी तंत्रज्ञानाची संस्था टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७ साली एका विभागाच्या रूपात सुरू झाली, १९८४मध्ये स्वतंत्र झाली आणि पवईच्या आयआयटीच्या आवारात स्थिरावली. मोटारींचं इलेक्ट्रॉनिक्स एकमेकांत लुडबूड करतं का, हे पुण्याच्या ‘एआरएआय’मध्ये शोषक भिंतींच्या खोल्यांत तपासतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान अधिविभागात फेराइटवर अनेक वर्षं काम झालं आहे, डॉ. विजया पुरी यांच्या गटानं फेराइटच्या जाड थरांचे सूक्ष्मलहरींतले गुणधर्म अभ्यासले. सोलापूर जिल्ह्यातली महाविद्यालयं २००४मध्ये सोलापूर विद्यापीठ होईपर्यंत याच विद्यापीठाला जोडलेली होती.

महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेत हे मोजायचं साधन म्हणजे आयताकृती धातूची नळी, तरंगवाहिनी. ८ ते १२ गिगाहर्ट्झसाठी तिचं तोंड २२.८६ बाय १०.१६ मिलिमीटरचं असतं. रबराचा तुकडा नेमका त्या मापाचा कापून आत बसवायचा, नेटवर्क ॲनलायझर जोडायचा, किती लहर परत आली आणि किती पुढे गेली ते पाहायचं. निकोल्सन आणि रॉस यांनी १९७०मध्ये आणि वियर यांनी १९७४मध्ये दिलेल्या रीतीनं त्यातून पार्यता आणि परावैद्युतांक काढतात. तुकडा किंचित लहान कापला गेला आणि कडेला केसाएवढी फट राहिली तरी परावैद्युतांक चुकीचा येतो. रोलरमधून काढलेल्या रबरात पापुद्रे एका दिशेला झोपतात, त्यामुळे तुकडा आडवा कापला की उभा, यावरही उत्तर बदलतं.

शोधनिबंधांतल्या आकड्यांकडे म्हणूनच जरा थंडपणे पाहावं. उणे दहा डेसिबल म्हणजे ९० टक्के लहर शोषली, उणे वीस म्हणजे ९९. हल्ली उणे साठ डेसिबलचे दावे सर्रास दिसतात. म्हणजे दहा लाखांतला एकच भाग परत आला. असे बहुतेक आकडे मोजलेल्या पार्यतेवरून सूत्रात जाडी टाकून काढलेले असतात, पत्र्यावर थर चढवून मोजलेले नसतात. ते ज्या एका वारंवारतेला येतात तिच्या जरा बाजूला गेलं की वीसवर येऊन बसतात. खऱ्या वस्तूच्या कडा, जोड, आणि तिरकी येणारी लहर हे सगळं तर त्यात धरलेलंच नसतं. अभियंत्याला उणे वीसचा रुंद पट्टा मिळाला तर तो खूश असतो.

घरात यातलं काही पाहायचं असेल तर काही मायक्रोवेव्ह ओव्हनबरोबर येणारी भाजणीची ताटली उलटी करून बघा. तिच्या तळाला काळसर रबराचा थर असतो आणि त्यात बहुधा फेराइट मिसळलेलं असतं. ओव्हनच्या २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी ते गिळतं आणि ताटली तव्याइतकी तापते. फेराइटची निवड अशी करता येते की ठरावीक तापमानाला त्याचं चुंबकत्वच नाहीसं व्हावं, म्हणजे ताटली आपोआप तापायची थांबते.

वळसंगच्या ओढ्यातल्या वाळूत चुंबक फिरवला तर काळे कण त्याला चिकटून येतात. ते मॅग्नेटाइटचे, दख्खनच्या बसाल्टमधून झिजून आलेले. काळा दगड म्हणजे सिलिकेटमध्ये विखुरलेलं चुंबकीय फिलरच आहे, आणि त्यानं कोट्यवधी वर्षांपूर्वीचं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र धरून ठेवलं आहे. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६मध्ये त्यावरून भारत पूर्वी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता याचा पुरावा दिला. बसाल्ट सूक्ष्मलहरींत चांगलाच तापतोही. पण ओढ्यातले कण भरड असतात, त्यांत टायटॅनियम असतं, प्रत्येक ठिकाणी प्रमाण वेगळं. शोषक रबरासाठी तो कच्चा माल म्हणून चालत नाही.

वळसंगच्याच तालुक्यातली दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची ठरू शकेल. फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, आणि कोळसा जाळणाऱ्या प्रत्येक केंद्रातून राख निघतेच. कोळशातल्या लोहयुक्त खनिजांचे भट्टीत वितळून गोल चुंबकीय कण होतात, ते राखेतून चुंबकानं वेगळे काढता येतात. याच राखेत काही कण पोकळ असतात, सिरॅमिकच्या पातळ भिंतीचे, पाण्यावर तरंगणारे. त्यांना सेनोस्फिअर म्हणतात. राखेची पॉलिमर मिश्रणं शोषक म्हणून संशोधकांनी तपासली आहेत, तसंच या पोकळ गोळ्यांवर निकेल किंवा लोखंडाचा पातळ मुलामा देऊनही पाहिलं आहे. कल्पनेत दम आहे. लहर धातूत मायक्रॉनभरच शिरत असेल तर मोठ्या कणाच्या पोटातलं लोखंड फुकटचं वजन आहे. तिथे हवा असली तरी चालतं. चौरस मीटरमागचे साडेसात किलो त्यानं बरेच खाली येतात. मात्र लोखंड कमी झाल्यामुळे पार्यताही घटते, थर जाड करावा लागतो, आणि हे गोळे दोन रोलरांच्या मिलमध्ये फुटतात. म्हणून असं मिश्रण रबरात न करता पातळ इपॉक्सीत, हलक्या हातानं ढवळून करावं लागतं.